झोपेत गेलेली बाळं सरकारी कागदावर कुठे जातात?

मोजदाद

या मंचावरचा लसीकरणाचा धागा (चर्चा) वाचनमात्र झाला, तिथे आता लिहिता येत नाही, म्हणून हा वेगळा काढतोय. तिथे एकाने लिहिलं होतं, "दीड महिन्याचा डोस दिला आणि दुसऱ्या दिवशी बाळ गेलं, अशा किती केसेस दाबल्या जातात देव जाणे." त्यावर दुसऱ्याने "योगायोग" एवढंच लिहिलं आणि पुढे जे व्हायचं ते झालं. मला दोघांनाही एकच विचारायचं होतं. ज्या बाळांना त्या आठवड्यात लस दिलेली नाही, आजार नाही, ताप नाही, अशी दोन-तीन महिन्यांची किती बाळं आपल्याकडे वर्षाला झोपेत जातात? हा आकडा हातात असल्याशिवाय "दाबलं" हेही म्हणता येत नाही आणि "योगायोग" हेही नाही. आणि तो आकडा आपल्याकडे नाही.

मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात आकडेवारीच्या टेबलावर नोकरी केली. आता निवृत्त. त्यामुळे कागद कसा फिरतो तेवढं सांगू शकतो.

आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, अशा मृत्यूला आर-९५ हा कोड आहे. सडन इन्फंट डेथ सिंड्रोम, सिड्स. पण तो कोड लावायच्या अटी कडक आहेत. बाळ एक वर्षाच्या आतलं हवं, पूर्ण शवविच्छेदन हवं, बाळ जिथे सापडलं त्या जागेची पाहणी हवी, आजवरचा आजारांचा इतिहास तपासलेला हवा, आणि एवढं करूनही कारण सापडलेलं नसावं. म्हणजे सगळं शोधून झाल्यावर उरतं ते सिड्स. न शोधता लिहिलं तर त्याला काही अर्थ नाही.

आता आपल्याकडे बघा. गावात घरी मृत्यू झाला की ग्रामसेवक हाच निबंधक. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, कळवायची मुदत २१ दिवस. नमुना २ भरायचा. त्यात कारणाला वैद्यकीय प्रमाणपत्र आहे का, असा एक प्रश्न असतो आणि त्याखाली आजाराचं नाव. पहिल्या रकान्यात "नाही", दुसऱ्यात घरचे सांगतील ते. ताप. न्यूमोनिया. अशक्तपणा. झटका. कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी दवाखान्यातल्या मृत्यूला नमुना ४ असतो, घरच्याला ४-अ, पण ४-अ भरायला आधी कुणी डॉक्टर त्या बाळाला बघत असायला हवा. देशभरात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी कारण प्रमाणित झालेले २०२० साली जेमतेम साडेबावीस टक्के होते. तेही मुख्यतः इस्पितळांतले.

गंमत म्हणजे त्याच नमुना ४ मध्ये वयाचे रकाने फार बारकाईने केलेत. एक वर्षावर असेल तर वर्षं, खाली असेल तर महिने, महिन्याच्या आत असेल तर दिवस, आणि दिवसाच्या आत असेल तर तास. ज्याने हा फॉर्म आखला त्याला तान्ह्या बाळांचं महत्त्व कळत होतं. भरणाऱ्याचं काय ते पुढे बघूच.

डॉ. गोडांबा

बालरोगतज्ज्ञ. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. भरणाऱ्याची बाजू मांडतो, कारण तो भरणारा बऱ्याचदा मीच असतो.

पहाटे पाचला दार वाजतं. बाळ निळं, ताठ. आधीच गेलेलं. माझ्यापुढे दोन रस्ते. एक, "आणले तेव्हा मृत" लिहून पोलिसांना कळवायचं. मग हवालदार येणार, अकस्मात मृत्यूची नोंद होणार, पंचनामा, ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन. ते करणारा मेडिकल ऑफिसर बिचारा एमबीबीएस, त्याने तीन महिन्यांच्या बाळाचं विच्छेदन आयुष्यात केलेलं नसतं, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी अवयवांचे नमुने, राखून ठेवतो आणि अहवाल कधी येईल ते विचारू नका. दुसरा रस्ता, बाळ आधी माझ्याकडे सर्दीसाठी येऊन गेलं असेल तर "न्यूमोनिया" लिहून मोकळं व्हायचं. आई समोर बसलेली असते, सासू म्हणते "फाडाफाडी नको". तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, हे प्रामाणिकपणे सांगा.

दुसऱ्या रस्त्याने गेलेली सगळी बाळं सरकारी आकड्यात न्यूमोनियाची होतात.

आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे "दूध श्वासनलिकेत गेलं". लोकांना ते पटतं, कारण नाकातोंडाशी दूध दिसतं. पण मरणाच्या क्षणी पोटातलं वर येणं ही कोणत्याही मृत्यूत सापडणारी गोष्ट आहे. ते कारण असतं असं नाही, अनेकदा परिणाम असतो. हे कुणाला सांगायला गेलं की आजी म्हणते, "डॉक्टर, मी डोळ्यांनी बघितलं."

अबोली_क

हा धागा वाचावा की नाही ठरत नव्हतं. लिहितेच.

आमची मुलगी तीन महिन्यांची होती. शहर, चांगलं खाजगी हॉस्पिटल, नाव लिहीत नाही. दुपारी झोपली ती उठलीच नाही. दाखल्यावर कारण लिहिलंय "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट". तेव्हा काही कळलं नाही. नंतर कधीतरी शांतपणे वाचलं. हृदय आणि श्वास थांबला. ते तर मलाही दिसत होतं.

शवविच्छेदनाचं कुणी विचारलं नाही. नको होतं का? तेव्हा नकोच म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं, काय तपासतात, का तपासतात हे सांगायला हवं होतं. आज नातेवाइकांत त्याचं कारण "आईला गाढ झोप लागली होती" असं आहे. कुणी तोंडावर बोलत नाही. दाखल्यावर नीट काही लिहिलेलं असतं तर निदान एक कागद दाखवता आला असता.

डॉ. गोडांबा

अबोली, तुमच्या दाखल्यावर जे लिहिलंय ते नियमातही बसत नाही. मृत्यूच्या प्रमाणपत्राच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलेलं असतं की मरण कसं आलं ते लिहू नका, कशाने आलं ते लिहा. हृदय बंद पडणं, श्वास थांबणं ही कारणं नाहीत. तरी देशभर हेच लिहिलं जातं, कारण त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. आणि "गाढ झोप" हा निकाल जागेची पाहणी न करता कुणालाच देता येत नाही. नातेवाइकांना तर नाहीच नाही.

आशा_बीड

मुलगी टाईप करतीय, मी सांगतीय. मी आशा, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती आहे, बीड जिल्हा.

आमच्या गावची निम्मी घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. ओली बाळंतीणसुद्धा जाते, कारण उचल घेतलेली असती, कोयता, म्हणजे तोडीची नवरा-बायकोची जोडी, मोडला तर मुकादम सोडत नाही. अशाच एकीचं बाळ तिकडं गेलं. रात्री पाजून कोपीत झोपवलं, तीन वाजता तोडीला उठली तर गार पडलेलं. फडाच्या कडंला पुरलं. दोन दिवसांनी ही परत मोळ्या बांधाया.

मला कळलं ते गावी परत आल्यावर. मी कळवलं. तर वरून विचारणा, मृत्यू कुठं झाला? तिकडं झाला तर नोंद तिकडची. तिकडच्या ग्रामपंचायतीत या बाईचं नाव तरी कुणाला ठाऊक हाय का? कारखान्याच्या वहीत जोडीचं नाव असतं, लेकराचं नसतं. माझ्या रजिस्टरला ते लेकरू जन्मलेलं हाय. पुढं कोरं.

मोजदाद

ताई, तुम्ही जे सांगितलंत तो कायद्याचाच भाग आहे. जन्म-मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवायचा, राहत्या गावी नाही. तत्त्व म्हणून बरोबर, नाहीतर एकच मृत्यू दोनदा मोजला जाईल. पण जो माणूस सहा महिने दुसऱ्याच्या शिवारात राहतो त्याच्यासाठी या तत्त्वाचा अर्थ कुठेच नोंद नाही असा होतो.

तुमच्या रजिस्टरवरून आणखी एक गोष्ट लक्षात आणून देतो, इतर वाचकांसाठी. आशाताईंच्या घरभेटी ठरलेल्या असतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. त्यानंतरच्या भेटी २०१८ पासून सुरू झाल्या त्या तिसऱ्या महिन्यापासून, तीन-तीन महिन्यांनी. म्हणजे बेचाळिसाव्या दिवसापासून तिसरा महिना भरेपर्यंत भेट नाही. जगभर सिड्सचे सर्वाधिक मृत्यू दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात होतात. आपली भेटींची फट नेमकी तिथे सुरू होते. त्या काळात बाळ सरकारी यंत्रणेला दिसतं ते फक्त सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशीच्या दिवशी. म्हणून अचानक गेलेल्या बाळाच्या मागे लोकांना शेवटची आठवण लशीचीच असते. मध्ये दुसरं काही घडलेलंच नसतं ना!

टोकदार

सगळं वाचलं. सहानुभूती आहे. पण एक विचारतो. ज्या देशात बाळं कुपोषण, जुलाब, न्यूमोनिया, जन्मताच कमी वजन यांनी जातात तिथे सिड्स वेगळं काढून काय साध्य होणार? ही श्रीमंत देशांची चैन आहे. त्यांनी बाकी सगळे मृत्यू थांबवले म्हणून त्यांना उरलेलं दिसतं. आपण आधी बाकीचं थांबवू. फॉर्म भरून बाळं वाचत नाहीत.

मोजदाद

फॉर्म भरून बाळं वाचत नाहीत, हे वाक्य नोकरीत इतक्यांदा ऐकलंय. आपल्याच राज्याचं उदाहरण देतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास 'सर्च' ही संस्था उभी केली, तेव्हा त्यांनी आधी काय केलं? गावागावांत जन्म आणि मृत्यू मोजायला सुरुवात केली. त्यांच्या भागात तेव्हा हजार जन्मांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. मोजलं म्हणून कळलं की न्यूमोनियाचा वाटा मोठा आहे. त्यावर काम केल्यावर पुन्हा मोजलं तेव्हा दिसलं की उरलेली बहुतेक बाळं पहिल्या महिन्यात जातात, आणि घरीच जातात. मग गावातल्या बायकांना शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू झाली. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. नवजात मृत्यूदर तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी खाली. वर आशाताई ज्या भेटींना जातात, त्या २०११ मध्ये देशभर आल्या त्या याच कामातून. मृत्यू मोजला नसता तर भेट नसती.

आणि २००१ चा 'कोवळी पानगळ' अहवाल आठवतो का? तेरा स्वयंसेवी संस्थांनी मिळून २३१ गावं आणि ६ झोपडपट्ट्यांतले मृत्यू घरोघरी जाऊन मोजले. अंदाज निघाला, राज्यात वर्षाला पावणेदोन लाख बालमृत्यू. सरकारी रजिस्टरात त्यातला छोटासा हिस्साच होता. तेव्हा आमच्या खात्यात काय वातावरण होतं ते मी पाहिलंय. पहिली प्रतिक्रिया "आकडे फुगवले". मग डॉ. बंगांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. रजिस्टर कोरं का राहतं याचं त्या काळातलं खरं कारण सांगू? ज्याच्या हद्दीत मृत्यू जास्त, त्याला नोटीस. मग नर्सबाई काय करणार? जन्मून दोन श्वास घेऊन गेलेलं बाळ "उपजत मृत" लिहायची. उपजत मृताचा नमुना वेगळा, नमुना ३, तो बालमृत्यूत धरला जात नाही. एका खुणेत मृत्यूदर सुधारला.

तेव्हा टोकदार, चैन वगैरे नाही. मोजणी वाईट आहे ती सगळ्याच बाळांची. सिड्स हा त्यातला सर्वांत बोलका तुकडा, कारण त्यात तपासणी हीच व्याख्या आहे.

टोकदार

गडचिरोलीचं मान्य. तरी सिड्स वेगळं मोजण्याचा मुद्दा अजून पटला नाही. वाचतोय.

थेम्सकाठी

मी मध्य लंडनबाहेर राहते, इथल्या आरोग्यसेवेत काम करते. वेगळं मोजण्याचा मुद्दा इथल्या कोर्टाने शिकवलाय, तोही फार वाईट रीतीने.

सॅली क्लार्क नावाच्या वकील बाईंची दोन बाळं अशीच गेली. १९९९ मध्ये खुनासाठी दोषी ठरल्या. एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने, रॉय मेडो यांनी, कोर्टात सांगितलं की अशा कुटुंबात एक सिड्स मृत्यू ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन व्हायची शक्यता त्याचा वर्ग, सात कोटी तीस लाखांत एक. ८,५४३ हा आकडा खऱ्या सरकारी अभ्यासातला होता. पण दुसरं बाळ पहिल्याचंच भावंड, तेच जनुक, तेच घर, मग गुणाकार कसा करता? रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून हे चूक आहे सांगितलं. शिवाय शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने जंतुसंसर्गाचे अहवाल बचाव पक्षाला दिलेच नव्हते. २००३ मध्ये सुटल्या. २००७ मध्ये वारल्या.

त्याच २००३ मध्ये तृप्ती पटेल, मूळ भारतीय, फार्मासिस्ट. तीन बाळं गेलेली, तीन खुनांचा खटला. बचाव पक्षाने त्यांच्या आजीला भारतातून आणलं. म्हाताऱ्या आजींनी दुभाष्यामार्फत सांगितलं की माझी पाच मुलं तान्हेपणीच गेली. ज्युरीने निर्दोष सोडलं. मी तेव्हा इथे नवी होते, सगळी भारतीय मंडळी तो खटला रोज वाचत होती. मला एकच गोष्ट खुपली. त्या पाच बाळांचा कुठे कागद नव्हता. कारण सोडाच, ती जन्मली आणि गेली याला आजीच्या आठवणीशिवाय पुरावा काय? ती आजी प्रवास करू शकली नसती तर?

यानंतर बॅरोनेस हेलेना केनेडी यांच्या समितीने २००४ मध्ये पद्धत आखून दिली. आज इथे बाळ अचानक गेलं की पोलीस आणि बालरोगतज्ज्ञ एकत्र घरी येतात. २००८ पासून प्रत्येक बालमृत्यूचा आढावा घेणारी मंडळं आहेत आणि २०१९ पासून इंग्लंडभरच्या नोंदी एका ठिकाणी जमा होतात.

अबोली_क

@थेम्सकाठी, पोलीस आणि डॉक्टर एकत्र येतात ते आईला कसं वाटतं? खरंच विचारतेय.

थेम्सकाठी

वाईटच वाटतं. पण आधीपासून ठरलेलं असतं की हे सगळ्यांकडेच येतात, संशय म्हणून नाही. बाळ कुठे होतं, कोणत्या कुशीवर, अंगावर काय होतं, खोलीत किती गरम होतं, कुणी सिगारेट ओढतं का, शेवटचं कधी पाजलं, हे सगळं शांतपणे विचारतात. आणि नंतर डॉक्टर परत येऊन काय सापडलं, काय नाही ते समजावून सांगतात. तुम्हाला जे मिळालं नाही ते हे शेवटचं.

आणखी एक. इथल्या नोंदींत आईचा जन्म कुठल्या देशातला तेही असतं. त्यामुळे ऐंशी-नव्वदच्या दशकात दिसलं की दक्षिण आशियाई घरांत, गरिबी असूनही, सिड्स कमी आहे. मग संशोधक कार्डिफमधल्या बांगलादेशी घरांत जाऊन बघत बसले की या बायका बाळांना वेगळं काय करतात. बाळ कधी एकटं नसतं, आसपास सतत माणसं, आवाज, कुणी सिगारेट ओढणारी आई नाही, उताणं झोपवणं. आपल्या आजीची पद्धत त्यांनी नोंदवहीतून शोधून काढली!

जर्सीतली_जाई

अमेरिकेची बाजू थोडक्यात, मी मेडिकल कोडिंगमध्ये आहे.

इथे १९९४ मध्ये बाळाला पाठीवर झोपवा ही मोहीम सुरू झाली आणि सिड्स दहा वर्षांच्या आत जवळपास निम्म्यावर आलं. ते खरं यश. पण १९९९ नंतरची घट बघाल तर तिच्यात गोम आहे. आर-९५ कमी होत होता, आणि त्याच वेळी आर-९९, म्हणजे कारण अज्ञात, आणि डब्ल्यू-७५, म्हणजे बिछान्यात गुदमरणं, हे दोन वाढत होते. बाळं तेवढीच जात होती, फक्त कोरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी वेगळ्या खणात टाकायला सुरुवात केली होती. म्हणून आता तिन्ही मिळून मोजतात. ती बेरीज अजूनही वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास आहे.

जागेची पाहणी कशी करतात ते सांगते, कारण वर विषय निघालाय. एक छापील फॉर्म आहे, १९९६ चा, २००६ मध्ये सुधारलेला. तपासणारा माणूस बाहुली घेऊन घरी जातो. ज्याने बाळाला झोपवलं त्याला म्हणतो, कसं ठेवलं होतं तसं हिला ठेवा. फोटो काढतो. मग ज्याने बाळ पहिल्यांदा पाहिलं त्याला म्हणतो, कसं सापडलं तसं ठेवा. परत फोटो. उशी कुठे, पांघरूण कुठवर. ऐकायला क्रूर वाटतं. पण "गुदमरलं" आणि "गुदमरलं नाही" यातला फरक पुष्कळदा त्या दोन फोटोंतच असतो. विच्छेदनात तो दिसत नाही.

डॉ. गोडांबा

जाई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. उशीने गुदमरलेलं बाळ आणि सिड्सचं बाळ टेबलावर सारखंच दिसू शकतं. म्हणूनच आमच्याकडे विच्छेदन झालं तरी पंचनामा करणारा हवालदार "गादीवर मृतावस्थेत" एवढंच लिहितो, आणि प्रकरण तिथेच संपतं.

आणि जनुकांचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोलबिग बाईंची चार बाळं १९८९ ते १९९९ मध्ये गेली. २००३ मध्ये शिक्षा. वीस वर्षांनी, २०२३ मध्ये माफी आणि मग निर्दोष. मधल्या काळात दोन मुलींमध्ये कॅल्म-२ या जनुकातला दोष सापडला, ज्याने हृदयाची लय बिघडू शकते. हे शक्य झालं कारण त्या बाळांचे नमुने इतकी वर्षं जपून ठेवलेले होते. आपल्याकडे व्हिसेराची बरणी किती वर्षं टिकते ते विचारू नका.

मोजदाद

आता टोकदार यांच्या उरलेल्या शंकेकडे. लशीचं गणित करून दाखवतो. खालचा दर खरा नाही, फक्त पद्धत दाखवायला धरलाय.

भारतात वर्षाला समजा २.४ कोटी बाळं जन्मतात. दोन हजारांत एक बाळ काहीही कारण नसताना झोपेत जातं असं धरा. झाली १२ हजार. बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतली, म्हणजे साधारण १८० दिवसांत वाटलेली. त्या काळात लशीचे दिवस तीन. म्हणजे लशीचा काहीही संबंध नसताना, निव्वळ कॅलेंडरमुळे, १८० पैकी ३ दिवसांच्या हिशोबाने २०० बाळं लस दिल्यापासून चोवीस तासांत जाणार. दर वर्षी. प्रत्येक आई शपथेवर सांगेल की काल सुई टोचली होती, आणि ती खरंच बोलत असेल.

आता एखाद्या वर्षी २०० ऐवजी ४०० झाली तर ती धोक्याची घंटा. पण मूळ २०० आहेत की ५० की ५०० हेच माहीत नसेल तर घंटा वाजली हे कसं कळणार? लशीला दोष देणाऱ्यालाही नाही आणि लशीची बाजू घेणाऱ्यालाही नाही.

हे काल्पनिक नाही. जपानमध्ये १९७४-७५ च्या हिवाळ्यात ट्रिपल लशीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) डोसानंतर दोन बाळं गेली. डोस थांबवला, मग दोन वर्षांच्या पुढच्या मुलांनाच द्यायचा ठरलं. लोकांचा विश्वास गेला. १९७९ मध्ये डांग्या खोकल्याचे तेरा हजार रुग्ण आणि ४१ मृत्यू.

आणि आपल्याकडची सर्वांत विचित्र गोष्ट ऐका. लसीकरणानंतर काही दिवसांत बाळ गेलं तर त्याची चौकशी खरंच नीट व्हायची सोय आहे. जिल्ह्याला समिती, ठरलेले फॉर्म, शवविच्छेदनाचा आग्रह, विच्छेदन नाही झालं तर घरच्यांना विचारून भरायची सविस्तर प्रश्नावली, वरच्या पातळीवर तज्ज्ञांचं वर्गीकरण. तेच बाळ लस घेण्याच्या आदल्या आठवड्यात गेलं असतं तर? २०१४ पासून बालमृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यातही घरी जाऊन प्रश्नावली भरायची आहे. पण ती भरली जाते का, आणि भरली तर कुठल्या गठ्ठ्यात जाते, हे इथल्या आशाताई सांगतील.

म्हणजे एका बाजूची बाळं आपण भिंगाखाली धरतो आणि दुसऱ्या बाजूची मोजतच नाही. मग तुलना कशाची कशाशी करायची?

आशा_बीड

भरतो आम्ही. पहिलं कळवायचं कार्ड मी भरते, पुढचं नर्सबाई. आईला दहाव्या दिवशी जाऊन शंभर प्रश्न विचारायचे म्हणजे जिवावर येतं. ती रडत असती आणि मी विचारत असते, श्वास लागत होता का, छाती आत ओढत होती का. पण यात "काहीच नव्हतं" असं सांगितलं तर साहेबांना पटत नाही. म्हणतात, काहीतरी असेलच, नीट विचारा. मग आई म्हणती, थोडी सर्दी होती. झालं मग, सर्दी लिहिली.

टोकदार

हा शेवटचा प्रतिसाद वाचून पटलं. "काहीच नव्हतं" हे उत्तर घ्यायलाच जर कुणी तयार नसेल तर आर-९५ शून्यच येणार.

जर्सीतली_जाई

+१. सरकारी आकड्यांवर मग काहीच विश्वास ठेवू नये का? अर्भक मृत्यूदर महाराष्ट्राचा १६ वगैरे वाचतो तो कुठून येतो?

मोजदाद

तो वेगळ्या वाटेने येतो, आणि ती वाट बरीच भरवशाची आहे. नमुना नोंदणी पद्धती, एसआरएस. निवडक गावं आणि वस्त्या घेऊन तिथे एक स्थानिक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू लिहितो, आणि दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस पहिल्याची वही न बघता घरोघर विचारतो. दोन्ही याद्या जुळवतात, न जुळलेले मृत्यू परत जाऊन तपासतात. २०२० साली देशाचा दर हजारी २८, महाराष्ट्राचा १६, केरळचा ६. हे आकडे ग्रामपंचायतीच्या रजिस्टरवर अवलंबून नाहीत. एसआरएसमधल्या मृत्यूंची कारणंही घरच्यांना विचारून काढतात. दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचून कोड देतात. पण विच्छेदन नाही, जागेची पाहणी नाही, म्हणून आर-९५ तिथेही नीट सापडायचा नाही. किती गेली हे कळतं. झोपेत, विनाकारण किती गेली हे नाही.

संपादक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. लस विरुद्ध आयुर्वेद हा या धाग्याचा विषय नाही.

माणदेशी

वेगळाच प्रश्न, पण इथेच विचारतो. भावाचा मुलगा २०१९ मध्ये तीन महिन्यांचा असताना असाच गेला. आजारी नव्हता. मळ्यात पुरला. जन्माची नोंद झालेली, मृत्यूची कुणाच्या डोक्यातच आली नाही. आता जूनमध्ये शाळेचे गुरुजी दाखलपात्र मुलांची यादी घेऊन दारात. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीवरून काढलेली. वहिनी आत निघून गेली. गुरुजींनाही कसंनुसं झालं. पुढच्या वर्षी परत कुणी येऊ नये म्हणून काय करावं?

मोजदाद

मृत्यूची नोंद आताही होते. वर्ष उलटून गेलंय म्हणून ग्रामसेवक थेट करू शकत नाही, दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. आधी ग्रामपंचायतीतून नोंद नसल्याचा दाखला घ्या, अनुपलब्धता प्रमाणपत्र म्हणतात. मग शपथपत्र, जन्माचा दाखला, आईवडिलांचे आधार, आणि गावातल्या दोघांचे जबाब जोडून अर्ज. अलीकडे उशिराच्या नोंदींची तपासणी फार कडक झालीय, त्यामुळे आशा किंवा अंगणवाडीच्या रजिस्टरात त्या वर्षी "मयत" असा शेरा असेल तर त्याची नक्कल जरूर लावा. तोच तुमचा सर्वांत जुना पुरावा. गुरुजींना सांगून त्यांच्या यादीवर आत्ताच शेरा मारून घ्या, त्याला आदेश लागत नाही.

माणदेशी

अंगणवाडीत असेल बहुतेक. आणि कारणाच्या रकान्यात काय सांगायचं? तलाठी म्हणाला, न्यूमोनिया टाकून द्या, लवकर होतं.

मोजदाद

न्यूमोनिया नाही. प्रमाणित आहे का, तिथे "नाही". कारणात जे घडलं तेच, "आजार नव्हता, झोपेत मृत्यू". शपथपत्रातही हेच शब्द ठेवा, दोन्हीकडे वेगळं झालं तर अर्ज परत येतो.

माणदेशी

बरं. सोमवारी तहसीलला जातो. वकील लागतो का?

मोजदाद

सक्ती नाही. मुद्रांक विक्रेत्याकडे शपथपत्र टाईप करून मिळतं. फक्त तारखा जन्मदाखल्याशी ताडून बघा.